एक ठेकेदार, पाच आकडे

वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, तेव्हाच्या सरकारी पत्रकात रोजगाराचा आकडा होता: थेट आणि अप्रत्यक्ष मिळून सुमारे १० लाख. ७६,२२० कोटींचा प्रकल्प, म्हणजे आकडेही त्याच मापाचे असणार. तेव्हापासून आमच्या नातेवाइकांत दोन तट आहेत. एक म्हणतो, पोरांचं कल्याण होईल. दुसरा म्हणतो, कसलं काय, मासेमारी जाईल आणि हाती झाडू येईल.

बंदर व्हावं की नाही हा वाद आज उकरत नाही. वाढवण, वरोर, धाकटी डहाणू, गुंगवाडा, तडियाळे... या गावांनी आपलं म्हणणं वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरून सांगितलं आहे. माझा प्रश्न दोन्ही तटांना आहे. हे १० लाख (किंवा १० हजार म्हणा, किंवा हजार) मोजणार कोणाच्या वहीत?

कारण काम करणारी माणसं बंदराची नसतात. ती ठेकेदाराची असतात, बरेचदा ठेकेदाराच्या ठेकेदाराची. बुलेट ट्रेनचं काम असो, मुंबई-वडोदरा महामार्ग असो की तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतला कारखाना, सगळीकडे हीच तऱ्हा. माझं पोट ठेकेदारांची बिलं तपासण्यावर चालतं. त्या अनुभवावर सांगतो, ठेकेदाराकडे माणसांचा एक आकडा नसतो. विचारणारा कोण, यावर आकडा ठरतो.

उदाहरणादाखल एक ठेकेदार घेऊ.

गेटवरच्या हजेरीत त्याची माणसं ६०. ती खरी, कारण तिथे अंगठा लावावा लागतो.

मालकाला लावलेल्या बिलात ६४. (चार माणसं कोणाची ते विचारू नये.)

पीएफच्या मासिक विवरणात १८.

ईएसआयमध्ये १४. उरलेल्या चौघांचा पगार २१ हजारांच्या वर दाखवला, म्हणजे ते ईएसआयच्या मर्यादेबाहेर गेले. गंमत अशी, की त्याच चौघांचा पीएफसाठीचा पगार ९ हजार दाखवलेला असतो! भत्त्यांची फिरवाफिरव. एकाच महिन्यात एकच माणूस एका खिडकीवर गरीब आणि दुसऱ्या खिडकीवर सुखवस्तू.

आणि पाचवा आकडा विमा कंपनीकडे. ईएसआयच्या बाहेर राहणाऱ्यांसाठी ठेकेदाराने अपघात भरपाईची पॉलिसी काढायची असते. तिचा हप्ता ठरतो तो जाहीर केलेल्या एकूण पगारावर आणि कामाच्या धोक्यावर. मग तिथे १० माणसं आणि काम ‘साधी मजुरी’. उंचावर चढणारा वेल्डरसुद्धा कागदावर जमिनीवरच. टेंडरला पॉलिसीची झेरॉक्स लागते म्हणून ती काढायची. पुढे तिचं काय होतं ते टेंडर काढणाराही विचारत नाही.

एक माणूस पाच कचेऱ्यांत पाच वेगळे आकडे लिहून देतो, प्रत्येक ठिकाणी सही करून, शिक्का मारून. आणि या कचेऱ्या एकमेकींना विचारत नाहीत. लबाडीला म्हणून फारसं डोकंही लागत नाही. फक्त त्या एकमेकींशी बोलत नाहीत हे ठाऊक असावं लागतं.

यात सुटतं किती? साधा हिशेब करू. पगार महिना १५ हजार. ईएसआयमध्ये मालकाचा वाटा जुलै २०१९ पासून सव्वातीन टक्के, म्हणजे ४८७ रुपये ५० पैसे. पीएफ, त्याला जोडलेला विमा आणि प्रशासकीय खर्च मिळून १३ टक्के, म्हणजे १,९५०. माणशी झाले २,४३७ रुपये ५० पैसे. लपवलेली माणसं ६० वजा १८, म्हणजे ४२. महिन्याला १ लाख २ हजार ३७५, वर्षाला १२ लाखांच्या वर. आणि हे एका छोट्या ठेकेदाराचं. त्याने मालकाकडून मात्र ६४ जणांचा पीएफ-ईएसआय बिलात लावून घेतलेला असतो. मजुराच्या हातात पगार देताना ‘पीएफ कापला’ म्हणून त्याचा वाटाही कापलेला असू शकतो. म्हणजे एकाच पैशावर दोन बाजूंनी हात.

मालक पुरावा मागत नाही का? मागतो. बिलाला पीएफच्या चलनाची प्रत जोडावी लागते. पण चलन ठेकेदाराच्या सबंध कोडवर भरलेलं असतं, साइटवार नाही. तेच चलन तो तीन कारखान्यांच्या गेटवर दाखवतो आणि तिघेही ‘पाहिलं’ म्हणून टिक करतात. तिघांनी एकमेकांना फोन केला असता तर १८ माणसं एकाच दिवशी तीन ठिकाणी कशी राबतात हा प्रश्न पडला असता. पण तो फोन करणं कोणाचंच काम नाही.

“चालायचंच, ठेकेदार तसलेच असतात,” असं म्हणणारे भेटतात. त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो. आमच्या ओळखीतला पाड्यावरचा एक मुलगा एका कारखान्यात परांचीवरून पडला. (कारखान्याचं नि ठेकेदाराचं नाव लिहीत नाही.) कमरेचं हाड मोडलं. तो तिथे सात महिने कामाला होता, पगार रोख. कारखाना म्हणाला, तो आमचा नाही. ठेकेदार म्हणाला, आजच आला होता. आणि खरंच, त्याच संध्याकाळी त्याचा ईएसआय नंबर काढला गेला. रुजू झाल्याची तारीख: अपघाताचाच दिवस. पगार: खऱ्यापेक्षा निम्मा.

आता ईएसआयची खुबी अशी, की कामावरच्या अपघाताला पहिल्या दिवसापासून संरक्षण असतं. तात्पुरतं अपंगत्व आलं तर पगाराच्या ९० टक्के मिळतात. मृत्यू झाला तर कुटुंबाला दरमहा निवृत्तिवेतन. हे फार चांगलं आहे. पण चांगलं आहे म्हणूनच ठेकेदार सांगतो, ‘पडल्यावर नोंदवू.’ माणूस पडेपर्यंत तो कोणीच नसतो. पडला की एका रात्रीत कर्मचारी होतो. त्या मुलावर उपचार झाले, पण ९० टक्के कशाचे? कागदावरच्या निम्म्या पगाराचे. सात महिन्यांचा पीएफ नाही. आणि त्या सात महिन्यांत तो मेला असता, तर पीएफला जोडलेल्या विम्यातून घरच्यांना जे काही मिळायचं, तेही नाही. गेटवर त्याचे सात महिन्यांचे अंगठे होते की! ते पाहायला कोणी गेलं नाही.

इथे मला खरा राग येतो तो ठेकेदाराचा नाही. सरकारी कचेऱ्यांना आकडे जुळवता येत नाहीत असं जे सांगितलं जातं, त्याचा. कारण येतात. हवे तेव्हा अगदी छान येतात.

२०१६ मध्ये केंद्राने एक योजना आणली. नवीन माणसाला कामावर घेतलं तर मालकाच्या वाट्याचा काही पीएफ सरकार भरणार. लोकांनी जुनीच माणसं नवी म्हणून दाखवली. २०१९ मध्ये पीएफ कार्यालयाने आधार आणि खाते क्रमांक जुळवून पाहिले आणि सुमारे ९ लाख अपात्र नावं निघाली. रक्कम ३०० कोटींच्या आसपास, त्यातली बरीचशी वसूलही केली. तिथे पैसा सरकारचा होता.

जुलै २०२० मध्ये प्राप्तिकर आणि जीएसटीच्या मंडळांनी आपसात करार केला. दोघांची माहिती ठरावीक काळाने आपोआप एकमेकांकडे जाणार. तिथेही पैसा सरकारचा होता.

ऑगस्ट २०२१ मध्ये असंघटित कामगारांसाठी ई-श्रम आलं. त्यात अट काय, तर तुम्ही पीएफ किंवा ईएसआयचे सदस्य नसले पाहिजेत. म्हणजे मजूर आत यायचा असेल तर त्याला विचारणार, ‘तू दुसरीकडे कुठे आहेस का?’ हाच प्रश्न ठेकेदाराला कोण विचारणार?

आमच्या किनाऱ्याचंच घ्या. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रं देण्याची योजना आली. खाडीतून बोट निघाली की आत कोण कोण आहे हे सरकारला हवं असतं. कागदाबाहेरचा एक खलाशी सापडला तर तांडेलाची धडगत नाही. बरोबरच आहे, सुरक्षेचा प्रश्न आहे. पण समुद्रातल्या बोटीत किती माणसं हे ज्या सरकारला कळतं, त्याला किनाऱ्यावरच्या साइटवर किती माणसं हे कळत नाही, यावर मी विश्वास ठेवायचा? दुचाकीचा विमा संपलाय की चालू आहे हे नाक्यावरचा पोलीस मोबाइलवर पाहून सांगतो. त्या दुचाकीवरून कामाला निघालेल्या माणसाचा विमा आहे का, हे मात्र त्याच्या बायकोलाही कळायची सोय नाही.

बरं, हा रोग फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये बांधकाम ठेकेदारांचा धंदा असा चालायचा: नावापुरती कंपनी काढायची, दोन-चार माणसांचा छोटासा विमा घ्यायचा आणि त्याचा दाखला मोठमोठ्या टोळ्यांना भाड्याने द्यायचा. मजुरांचा पगार चेक वटवून देणाऱ्या दुकानांतून रोख काढायचा. विमा कंपनीला दिसायची चार माणसं, दुकानातून निघायचे शेकडो जणांचे पगार. तिथल्या सरकारने काय केलं? २०१३ मध्ये कायदा करून मोठ्या रकमेच्या चेकची नोंद एका सामायिक ठिकाणी करायला लावली. दुकानातला आकडा आणि विम्यातला आकडा शेजारी-शेजारी ठेवता आला की लबाडी आपोआप डोळ्यांत भरते. इतकंच.

आपल्याकडेही साहित्य सगळं तयार आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये ‘श्रम सुविधा’ पोर्टल आलं, आस्थापनेला एक कामगार ओळख क्रमांक आला, कामगाराला यूएएन आला. फेब्रुवारी २०२० पासून नव्या कंपनीची पीएफ आणि ईएसआय नोंदणी एकाच अर्जात होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि पगाराची व्याख्या सगळीकडे एक झाली. ‘इथे ९ हजार, तिथे २१ हजार’ या खेळाला त्याने आळा बसायला हवा. पण दार एक केलं म्हणजे आतले कप्पे एक झाले असं नाही. शिवाय नव्या संहितेत कंत्राटी कामगारांचं प्रकरण ५० किंवा अधिक माणसं असलेल्यांनाच लागू आहे. महाराष्ट्रात ही मर्यादा आधीच ५० वर नेलेली होती. तेव्हा यापुढे ४९ माणसांचे ठेकेदार फार दिसतील, हे भविष्य मी फुकटात सांगतो :)

आता आक्षेप. सगळ्यात वजनदार आक्षेप खाजगीपणाचा. गरिबाची माहिती आधीच दहा ठिकाणी फिरते, आणखी कशाला फिरवता? हा मला मान्य आहे, आणि म्हणूनच सांगतो, फिरवायची ती ठेकेदाराची माहिती, मजुराची नाही. पहिल्या टप्प्यात नावं लागतच नाहीत. जीएसटीत त्या महिन्याची मजूर पुरवठ्याची बिलं किती, टीडीएस किती रकमेवर कापला, पीएफमध्ये पगार किती दाखवला, ईएसआयमध्ये किती, पॉलिसीत किती. पाच बेरजा. नुसत्या मजूर पुरवठ्याच्या बिलात बहुतेक भाग पगाराचाच असतो. बिल १० लाखांचं आणि पगार अडीच लाखांचा, तर बाकीचे गेले कुठे? (मालासकट घेतलेल्या कामात हे प्रमाण वेगळं निघेल, म्हणून त्याची तुलना त्याच जातीच्या कामाशी करायची.) तफावत दिसली तरच पुढची वही उघडायची.

आणि एक ठाम अट हवी. न जुळल्याचा दंड मजुराला नको. सप्टेंबर २०२१ पासून आधार न जोडलेल्या खात्याचं पीएफ विवरण भरता येईना, तेव्हा त्रास कोणाला झाला? ज्याच्या आडनावाचं स्पेलिंग दोन कागदांवर दोन प्रकारे होतं त्याला. आमच्या तालुक्यात एका घरातल्या तीन भावांची तीन स्पेलिंगं निघतात. आकडे जुळवायचे ते ठेकेदाराला प्रश्न विचारायला, मजुराचे पैसे अडवायला नव्हे.

दुसरा आक्षेप घरातून येणार आहे. बंदराच्या कामात स्थानिकांनाच ठेके द्या, अशी मागणी आहे. उद्या आपल्यातलेच काही पिकअप घेतील, पंधरा-वीस पोरं जमवतील आणि ठेकेदार होतील. ते म्हणतील, “सगळे नियम पाळले तर आम्ही टिकू कसे?” रागावू नका, पण याचं उत्तर उलटं आहे. आज नियम पाळणारा ठेकेदारच टिकत नाही. जो ४२ माणसं लपवतो तो वर्षाला १२ लाखांनी स्वस्त पडतो, आणि टेंडर सगळ्यात स्वस्त माणसालाच मिळतं. आकडे जुळवायला लागले तर सर्वांत आधी फायदा होईल तो प्रामाणिक पोराचा, ज्याच्याकडे लपवायची यंत्रणाच नाही.

तिसरा आक्षेप, यातून पुन्हा इन्स्पेक्टर राज येईल. उलट आहे हो! इन्स्पेक्टर कोणाकडे जायचं हे मनाने ठरवतो तेव्हा हप्ते सुरू होतात. आकड्यांतल्या तफावतीने ठरलं, तर ज्याचं जुळतं त्याच्याकडे जायचं कारणच उरत नाही.

थोडं मागे जाऊन सांगतो. १९४५ साली आपल्या शेजारच्या तलासरीत, झरीला, वारली जमले आणि परुळेकर पतीपत्नींच्या साथीने त्यांनी वेठ आणि लग्नगडीची पद्धत नाकारली. लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा कर्जापायी माणूस जमीनदाराकडे राबत राहायचा, कारण हिशेब एकाच वहीत असे आणि ती वही त्याला वाचता येत नसे. आज हिशेबाच्या पाच वह्या आहेत, त्याही कॉम्प्युटरवर. वीटभट्टीवर उचल घेऊन दिवाळीनंतर निघणाऱ्या जोडीत तर बाईचं नाव एकाही वहीत नसतं. विटा दोघं पाडतात, हजाराचा भाव दोघांचा, नोंद एकाची. इतक्या वर्षांत वह्या वाढल्या, पण वाचायचा हक्क अजून त्याच बाजूला आहे.

म्हणून मला हवं ते असं. एक, या पाच बेरजा दर महिन्याला आपोआप शेजारी-शेजारी याव्यात आणि हे करणं कचेऱ्यांवर कायद्याने बंधनकारक असावं, मर्जीवर नाही. दोन, मूळ मालकाने गेटची हजेरी थेट पाठवावी, ठेकेदाराच्या हातून नाही. तीन, चलन साइटवार असावं. चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, मजुराला दर महिन्याला त्याच्या भाषेत एक मेसेज यावा: ‘अमुक ठेकेदाराने तुमचे इतके दिवस आणि इतका पगार दाखवला.’ गॅस सिलिंडरचा येतो तसा. चुकीचं असेल तर त्याला उत्तर देता यावं. तपासणीसाठी इतके डोळे सरकारला दुसरीकडे कुठे मिळणार?

सुरुवात वाढवणपासून करा. काम अजून उभं राहतंय, ठेके अजून वाटले जातायत. १० लाख रोजगार म्हणता ना, मग त्यातला प्रत्येक माणूस पाचही वह्यांत एकसारखा दिसू दे. नाही दिसला तर तो तुमच्या १० लाखांत धरू नका.

हे होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हातातलं सांगतो. पीएफच्या संकेतस्थळावर आस्थापनेच्या नावाने शोध घेता येतो. ठेकेदाराचं नाव टाकलं की कोणत्या महिन्याचे किती पैसे भरले आणि किती माणसांचे भरले, हे कोणालाही दिसतं, लॉगिन लागत नाही. आपल्या घरातला, शेजारचा, पाड्यावरचा जो कोणी ठेक्यावर जातो, त्याच्या ठेकेदाराचं नाव आज टाकून बघा. साइटवर किती माणसं आहेत हे तो तुम्हाला सांगेलच. आकडा जुळत नसेल तर लेखी विचारा आणि पोच घ्या. नव्या संहितेत थकलेल्या पीएफची चौकशी पाच वर्षांच्या आतच सुरू करता येते. ‘नंतर बघू’ म्हणत पाच वर्षं गेली, की ते पैसे ठेकेदाराचे झाले.